समजून घ्या : हळदीत वाजतो तो बेंजो नेमका कोणता? कळंबोलीत शिकायचा कसा, वाजवायचा कोणासोबत?

तुळशीची लग्ने लागली की कळंबोली, रोडपाली, खिडुकपाडा, नावडे, कामोठे या पट्ट्यात संध्याकाळनंतर एक आवाज हमखास कानावर येतो. हळदीच्या मांडवातून निघालेला, तारेचा, किंचित किनरा, ढोल-ताशांच्या गदारोळातही वेगळा ओळखू येणारा. सायन-पनवेल महामार्गावरच्या ट्रेलरचे हॉर्नही त्याला दाबू शकत नाहीत. हा बेंजो, हे इथले शाळकरी पोरही सांगेल.

आता मोबाइल काढून ‘बँजो कसा शिकावा’ असे शोधून पाहा. पडद्यावर येतो तो अमेरिकेतल्या कुठल्याशा डोंगराळ भागातला, घराच्या ओट्यावर बसलेला दाढीवाला गृहस्थ. मांडीवर लांब दांड्याचे, डफासारख्या गोल तोंडाचे वाद्य. त्याला ना कळा, ना पेटी, आणि हळदीतला तो आवाज तर अजिबातच नाही. नाव एकच, वाद्ये मात्र दोन. घरबसल्या ऑनलाइन वाद्य मागवणाऱ्या नवशिक्याची पहिली फसगत इथेच होऊ शकते.

हळदीतला बेंजो शिकवणाऱ्या शिकवणीची पाटी सहसा कुठे दिसत नाही. ही विद्या पार्टीतून पार्टीत, मास्टरकडून पोराकडे जाते. त्यामुळे ज्याच्या घरात किंवा आळीत बेंजोवाला नाही, त्याला सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही. दुसरीकडे डीजेच्या भिंती उभ्या राहत आहेत आणि प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांची गरज आहे का, असा प्रश्न यजमानच विचारू लागले आहेत.

(वाचताना गोंधळ नको म्हणून या लेखात आपल्याकडच्या कळांच्या वाद्याला ‘बेंजो’ आणि अमेरिकेतल्या गोल वाद्याला ‘बँजो’ म्हटले आहे. बोलताना दोन्ही उच्चार दोन्हीसाठी चालतात.)

टाइपरायटर आणि गणपतीच्या मिरवणुकीचा संबंध काय?

बेंजोचे मूळ जपानमध्ये आहे. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी ‘ताइशोगोतो’ नावाचे वाद्य तयार केले. त्याच वर्षी जपानमध्ये ताइशो राजवट सुरू झाली होती, त्यावरून हे नाव. ‘कोतो’ हे जपानचे पारंपरिक तंतुवाद्य. ते शिकायला अवघड, आकाराने अवाढव्य. मोरितांनी तारा एका छोट्या पेटीवर ताणल्या आणि त्यांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवल्या. कळ दाबली की खालची धातूची पट्टी तारेवर टेकते आणि तार ठरलेल्या जागी दाबली जाते. डाव्या हाताने कळ, उजव्या हाताने तार छेडायची. बोट नेमके कुठे ठेवायचे ही तंतुवाद्य शिकणाऱ्याची सर्वांत मोठी डोकेदुखी एका फटक्यात संपली.

हे स्वस्त, सुटसुटीत वाद्य बंदराबंदरांतून पसरले. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ते तारब संगीतात शिरले, मालदीवमध्ये ‘बुलबुल’ झाले. बलुचिस्तानात त्याचे मोठ्या आकाराचे ‘बेंजू’ झाले. तिथल्या मकरान किनाऱ्याकडचे नूर बख्श हे म्हातारे बेंजूवादक २०२२ मध्ये एका चित्रफितीमुळे जगभर पोहोचले आणि नंतर युरोपात जाऊन वाजवून आले. त्यांच्या बेंजूला वीज लागते ती सौर पॅनेलवर भरलेल्या बॅटरीची. भारतात वाद्याचे कागदोपत्री नाव ‘बुलबुल तरंग’. पण दुकानात जाऊन कोणी बुलबुल तरंग मागत नाही, बेंजोच मागतो.

मुंबई-नवी मुंबईच्या रस्त्यावर त्यात एक मोठा बदल झाला. तारांखाली पिकअप बसले आणि वायर थेट अॅम्प्लिफायरला गेली. घरात गुणगुणणारे वाद्य ट्रॉलीवरून गर्जू लागले. त्याला इको लावला, आवाज थोडा फाटू दिला, की तयार होतो तो हळदीचा टोन. इलेक्ट्रिक गिटारचा रस्ता याहून फार वेगळा नव्हता.

रवी जाधव दिग्दर्शित आणि रितेश देशमुख यांची भूमिका असलेला ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट २३ सप्टेंबर २०१६ रोजी आला, तो याच वाद्यावर. त्यात न्यूयॉर्कची एक गायिका मुंबईतल्या वस्तीतल्या बँजोवाल्याच्या शोधात येते. चित्रपट फार चालला नाही. पण मिरवणुकीत वाजवणाऱ्या पोराला नायक करणारा दुसरा मोठा चित्रपट पटकन आठवत नाही, हेही खरे.

मग तो गोल बँजो कुठला?

तो अमेरिकेचा समजला जातो, पण त्याचे मूळ पश्चिम आफ्रिकेत. गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी भोपळा, कातडे आणि तारा यांपासून बनणाऱ्या वाद्यांची आठवण कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत नेली. सेनेगल-गांबियातल्या जोला समाजाचे ‘अकोंटिंग’ हे तीन तारांचे वाद्य आजही त्या घराण्याची खूण दाखवते. थॉमस जेफर्सन यांच्या १७८५ साली छापलेल्या व्हर्जिनियावरील पुस्तकात गुलामांच्या या वाद्याचा उल्लेख आहे. १८३० च्या दशकात जोएल स्वीनी या गोऱ्या वादकाने ते रंगमंचावर नेले. मग तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या खेळांतून ते देशभर गाजले. ज्यांचे वाद्य, त्यांचीच चेष्टा करायला ते वापरले गेले. पुढे शंभर-दीडशे वर्षांत बँजो म्हणजे गोऱ्या डोंगरी लोकांचे वाद्य, अशीच समजूत रूढ झाली. अलीकडे रायनन गिडन्ससारख्या कलाकारांनी हा इतिहास पुन्हा पुढे आणला. २०२४ मध्ये बियॉन्सेच्या ‘टेक्सास होल्ड एम’ या गाण्यात वाजलेला बँजो गिडन्स यांचाच.

या बँजोची जुनी पद्धत, म्हणजे ‘ओल्ड-टाइम’, शिकणारे आज जगभर आहेत. त्यात नखाने तार खालच्या दिशेने मारायची आणि अंगठ्याने पाचवी, आखूड तार छेडायची. ही पाचवी तार एकाच सुरात वाजत राहते. मराठी माणसाला ती समजावून सांगायला एक शब्द पुरे : तुणतुणे. शाहिराच्या मागे तुणतुणे जे काम करते, तेच काम इथे त्याच वाद्यातली एक तार करते.

कळंबोलीत बेंजो वाजतो कुठे?

कळंबोली दोन आहेत. एक गावठाणाची आणि दुसरी सिडकोच्या सेक्टरांची. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायला सुरुवात केली. भातशेती आणि मिठागरांच्या या पट्ट्यात पोलाद बाजार आला, ट्रकतळ आले, पुढे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग इथूनच सुरू झाला. जमीन गेली, पण आगरी-कोळी घरांतली हळद राहिली. उलट ती मोठी झाली. इथे अनेक घरांत लग्नापेक्षा हळदीला गर्दी जास्त असते, हे बाहेरून राहायला आलेल्यांना पहिल्या वर्षी नवल वाटते आणि दुसऱ्या वर्षी तेही नाचायला जातात.

हळदीच्या विधींची गाणी म्हणण्याचा मान पूर्वापार धवलारणीचा. तिच्या धवळ्यांशिवाय आगऱ्यांचे लग्न लागत नसे. अंगणातल्या नाचाची बाजू वेगळी. तिथे एकेकाळी सनई, ढोल, टिमकीचा बाजा असे. आज तिथे बेंजो पार्टी उभी राहते. एक किंवा दोन बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, कच्छी ढोल, ताशा, झांज आणि मागे जनरेटर व स्पीकर लादलेली ट्रॉली. बेंजो इथे गायकाच्या जागी असतो. शब्द कोणी म्हणत नाही, ते नाचणाऱ्यांना पाठच असतात.

सेक्टरांमधली कळंबोली सातारा-सांगली, खान्देश, विदर्भ, उत्तर भारत अशा सगळीकडून आलेली. त्यामुळे कोळीगीतांनंतर त्याच पार्टीला हलगीचा ठेका धरावा लागतो आणि मग एखादे भोजपुरीही. चांगल्या बेंजो मास्टरच्या डोक्यात शेकडो चाली असतात. त्यातली एकही कागदावर लिहिलेली नसते.

कामाचे दिवस मोजकेच. माघी गणपती, शिमगा, शिवजयंती, १४ एप्रिल, गावच्या जत्रा, दहीहंडी, गणेशोत्सव, नवरात्र आणि मधल्या लग्नतिथी. आषाढ ते गणपती हा काळ बहुतेक रिकामा. या धंद्यात बुकिंगला ‘सुपारी’ म्हणतात, आणि पावसाळ्यात सुपाऱ्या नसतात. म्हणूनच बहुतेक वादकांचा दिवसाचा उद्योग वेगळा असतो. कोणी तळोज्याच्या कारखान्यात, कोणी पोलाद बाजारात, कोणी रिक्षावर.

वाद्य घेताना काय पाहावे?

सुरुवातीचे साधे, विजेशिवाय वाजणारे वाद्य काही हजार रुपयांत येते. पहिल्याच दिवशी ट्रॉलीवरचा इलेक्ट्रिक बेंजो घेण्याची गरज नाही. मात्र स्वस्त वाद्यात एक दोष वारंवार आढळतो, आणि तो दुकानातच दोन मिनिटांत पकडता येतो.

त्यामागचे गणित सोपे आहे. समजा तारेची मोकळी लांबी ५० सेंटीमीटर आहे. ती बरोबर मध्यावर, म्हणजे २५ सेंटीमीटरवर दाबली की वरचा सा मिळतो. या दोन सांमध्ये बारा पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीला उरलेली लांबी सुमारे १.०५९ ने भागली जाते. त्यामुळे पहिली पट्टी टोकापासून साधारण २.८ सेंटीमीटरवर येते, तर वरच्या सापाशी दोन पट्ट्यांमधले अंतर जेमतेम दीड सेंटीमीटर उरते. पट्ट्या वर वर दाट होत जातात त्या यामुळे. आता तार ज्यावर टेकते ती घोडी दोन-तीन मिलिमीटर जरी सरकलेली असेल, तरी सगळा हिशेब बिघडतो. खालचे सूर बरोबर लागतात आणि वर जाताना वाद्य बेसूर होत जाते. नवशिक्याला वाटते, आपलाच कान कच्चा.

म्हणून मोबाइलवर एखादे फुकटचे ट्यूनर अॅप उघडावे. मोकळी तार छेडून सूर पाहावा, मग त्याच तारेवर वरच्या साची कळ दाबून पाहावा. दोन्ही वेळा एकच सूर दिसला पाहिजे. वरचा सूर चढा निघाला तर घोडी मागे सरकवून तारेची लांबी वाढवायची, उतरा निघाला तर पुढे घ्यायची. घोडी सरकतच नसेल, चिकटवलेली असेल, तर ते वाद्य दुकानातच ठेवावे. कळा दाबून वर येताना अडकत नाहीत ना, हेही पाहावे. दमट हवेत त्यांच्या स्प्रिंगला गंज चढतो. खाडीकाठच्या गावात हे अटळ आहे. तारा तर वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसायचीच सवय हवी.

मास्टर नसेल तर शिकायचे कसे?

पहिला अडसर पट्टीचा. हार्मोनियमवाल्यांच्या भाषेत पुरुष गायक बहुधा काळी एक-दोनमध्ये गातो, बाई काळी चार-पाचमध्ये. बेंजोच्या मुख्य तारा एका सुरात लावलेल्या असतात आणि बाजूच्या साथीच्या तारा सा आणि पा धरून असतात. गाणे दुसऱ्या पट्टीत वाजवायचे तर एक तर सगळ्या तारा पुन्हा लावायच्या किंवा कळांची जागा बदलून वाजवायचे. पार्टीत तारा लावत बसायला वेळ कोणाकडे असतो? म्हणून एकच चाल दोन-तीन पट्ट्यांमधून वाजवण्याची सवय सुरुवातीपासून लावून घ्यावी लागते. नवशिके नेमके हेच टाळतात आणि पुढे अडतात.

इथे एक पळवाट उपयोगी पडते. बेंजो शिकवणारा मिळाला नाही तरी हार्मोनियम किंवा कीबोर्ड शिकवणारा कळंबोली, कामोठे, पनवेलमध्ये सहज मिळतो. बेंजोच्या कळांची काळी-पांढरी मांडणी त्याच धर्तीची असते. अलंकार, पट्ट्या, सुरांची ओळख तिथे पक्की करून घेता येते. योगायोगाने देशभर संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे कार्यालयही वाशीत आहे. पण बेंजो मास्टरला कोणी प्रमाणपत्र विचारत नाही, गेल्या हळदीत कसा वाजवला एवढेच विचारतात.

हार्मोनियमचा मास्तर शिकवू शकणार नाही ती गोष्ट उजव्या हाताची. बेंजोची तार छेडली की आवाज झपकन विरतो. लांब सूर धरायचा तर प्लास्टिकच्या पट्टीने, म्हणजे गिटारवाले ज्याला पिक म्हणतात त्याने, तार खाली-वर, खाली-वर अशी भराभर छेडत राहावी लागते. मनगट सैल, कोपर स्थिर. सुरुवातीचे दोन-तीन महिने हात दुखतो आणि आवाज माशी घोंगावल्यासारखा येतो. हा टप्पा पार करणे हेच खरे शिक्षण. डाव्या हाताच्या कळा त्यामानाने लवकर बसतात.

दुसरी गोष्ट मींडेची. बेंजोची प्रत्येक कळ म्हणजे एक ठरलेला सूर. सनईसारखे सुरावरून सुरावर घसरत जाणे त्याला जमत नाही. मग मास्टर लोक काय करतात? शेजारच्या कळा इतक्या झटक्यात फिरवतात की कानाला घसरल्याचा भास होतो, किंवा कळ जास्त दाबून तार किंचित ताणतात, त्याने सूर जरा चढतो. कोळीगीतातली ती लाडिक हेल या दोन युक्त्यांतून येते. हे कुठल्याच पुस्तकात पाहून येत नाही, शेजारी बसून बघावे लागते.

तोवर मोबाइल आहेच. चालींच्या चित्रफिती अर्ध्या किंवा पाऊण वेगाने लावून ऐकता येतात, पट्टी बदलत नाही. ठेका आधी, सूर मागाहून. बहुतेक कोळीगीते सहा मात्रांच्या झुलत्या चालीत असतात, मिरवणुकीतली बरीच गाणी आठ मात्रांच्या केरव्यात. टाळी देत गाणे तोंडाने म्हणता आले नाही तर ते बोटांतून येणार नाही.

सिडकोच्या इमारतीत भिंती पातळ, हे खरे. पण इलेक्ट्रिक बेंजोला हेडफोन जोडता येतो. शेजाऱ्यांना फक्त तारेची टिकटिक ऐकू जाते.

सोबत वाजवायला माणसे कुठे मिळतील?

इथे अमेरिकेतल्या ओल्ड-टाइम मंडळींची रीत पाहण्यासारखी आहे. त्यांच्याकडे ‘जॅम’ भरतो. फिडल, म्हणजे व्हायोलिन, चाल धरते, बँजो, गिटार भोवती गोल करून बसतात आणि एकच चाल दहा-दहा, पंधरा-पंधरा वेळा फिरत राहते. कोणी एकटा पुढे येऊन करामत दाखवत नाही. सगळे मिळून तीच चाल वाजवतात. नवखा मागच्या रांगेत बसून तिसऱ्या फेरीला दोन सूर पकडतो, सातव्या फेरीला चार. श्रोते नसतात, बिदागी नसते. ज्याने जुन्या भजनी मंडळात बसून टाळ धरला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

बेंजो पार्टीचे तसे नाही. ती सुपारीवर चालते आणि चुकलेला ठेका यजमानाच्या आणि नाचणाऱ्यांच्या तत्काळ लक्षात येतो. त्यामुळे ‘मला पण वाजवू द्या’ म्हणत भर हळदीत मास्टरजवळ जाण्यात अर्थ नाही. योग्य वेळ पावसाळ्याची. आषाढ-श्रावणात गणपतीच्या सुपाऱ्यांसाठी सराव सुरू होतो. गावाच्या समाजमंदिरात, एखाद्या मंडळाच्या शेडमध्ये, पुलाखालीही. नव्या चाली तेव्हाच बसवल्या जातात, म्हणजे एकच चाल पुन्हा पुन्हा फिरते. हाच आपला जॅम.

पार्टी शोधणे अवघड नाही. ट्रॉलीवर, ढोलाच्या दर्शनी पानावर नाव आणि बहुतेकदा नंबर रंगवलेला असतो. इन्स्टाग्रामवर जवळपास प्रत्येक पार्टीचे खाते आहे आणि सरावाच्या रील्स तिथे पडत असतात. सेक्टरातल्या गणपती मंडळाच्या खजिनदाराला विचारले तरी तो चार नावे सांगतो, कोणाचे पैसे राहिले आहेत त्यासकट.

पहिल्या दिवशी बेंजो हातात मिळेल ही अपेक्षा मात्र ठेवू नये. पार्टीत बेंजो एक किंवा दोन, आणि त्यावर बसणारा ठरलेला. नवखा आधी झांज धरतो, वायरी गुंडाळतो, स्पीकर उचलतो. कॉलेजातून किंवा आयटीतून आलेल्या पोराला हे कमीपणाचे वाटू शकते. पण झांजेवर एक हंगाम काढलेल्याचा ठेका पक्का होतो, आणि मास्टर चहाला उठला की बेंजो कोणाच्या पुढ्यात सरकतो तेही तिथेच ठरते. मोठ्यांना नावाने हाक मारू नये. मास्टर, दादा, किंवा गावातलेच असतील तर काका, मामा.

पार्टीत जायचेच नसेल तर दोन-तीन जण मिळूनही बैठक जमते. एक ढोलकीवाला, एक कीबोर्डवाला, एक बेंजो. भजनी मंडळांकडे ढोलकी-पखवाजवाले असतात आणि त्यांना एकादशी सोडून बाकीच्या संध्याकाळी बहुधा मोकळ्या असतात.

आणि कोणाला तो गोल, पाच तारांचाच बँजो हवा असेल तर?

तोही कळंबोलीत बसून शिकता येतो. त्यासाठी पाठीमागून उघडा असलेला, म्हणजे ‘ओपन-बॅक’ बँजो घ्यावा. मागे लाकडी झाकण असलेला जड बँजो ब्लूग्रास पद्धतीसाठी. ती तीन बोटांची वेगवान पद्धत १९४५ नंतर अर्ल स्क्रग्स यांनी गाजवली. तोंडावरचे पान प्लास्टिकचे असलेले बरे. कातड्याचे पान पावसाळ्यात कसे सैल पडते हे डिमडी किंवा हलगी शेकून घेणाऱ्यांना माहीत आहे. खोलीत वाजवताना मागच्या पोकळीत एक टॉवेल कोंबला की आवाज निम्म्याने उतरतो.

जोडीदार मात्र स्वतः घडवावे लागतील. गिटार किंवा व्हायोलिन वाजवणारा एखादा मित्र पुरतो. मोकळ्या तारांवर सा-पा धरून ठेवणारे वाद्य असल्याने आपल्या लोकचाली त्यावर चांगल्या बसतात. ढोलकीसोबत तर फारच.

रात्री दहा वाजले की काय?

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकाला मनाई. २०१० च्या दुरुस्तीनंतर बंदिस्त जागा वगळता नुसत्या वाद्यांनाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते. मात्र ते दिवस सरकार ठरवते, घरची हळद आपोआप त्यात येत नाही. रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रुग्णालय, शाळा, न्यायालयापासून १०० मीटरचा पट्टा सरकारने तसे जाहीर केल्यास शांतता क्षेत्र. हळदीची खरी रंगत दहानंतर, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून पोलिसांची गाडी आणि यजमान यांच्यामध्ये उभी राहते ती पार्टी. वाद्ये जप्त झाली तर नुकसान वादकांचे. सुपारी घेतानाच दहाला बंद, हे बोलून घेणाऱ्या पार्ट्या आहेत, आणि ते न बोलल्यामुळे पैसे बुडालेल्याही.

कानाचा प्रश्न त्याहून गंभीर, आणि त्यावर कोणीच बोलत नाही. कामाच्या जागी ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालेल, असे आरोग्याचे एक सर्वमान्य माप आहे. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे. ट्रॉलीच्या स्पीकरपुढे उभा राहणारा वादक पाच-सहा तास तिथेच असतो. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे बोळे आवाज बऱ्यापैकी खाली आणतात आणि ठेका तरीही ऐकू येतो. नवख्याने पहिल्या सरावापासून ते घालावेत. कानात सतत शिट्टी वाजू लागली की ती बहुधा जात नाही, आणि बेंजोवाल्याचे भांडवल कानच.

डीजेपुढे पार्टी टिकते कशी?

हिशेब साधा आहे. डीजेला दोन माणसे आणि एक लॅपटॉप लागतो, पार्टीला दहा-पंधरा जण, त्यांचे जेवण, टेम्पो. यजमानाला डीजे स्वस्त पडू शकतो. त्यातच हळदीवरचा खर्च आवरा, असा सूर आगरी-कोळी समाजातूनच अधूनमधून उठतो आणि पहिली कात्री वाजंत्रीला लागते. पार्टीतही बेंजोची जागा कीबोर्ड घेऊ पाहतो. त्यात बेंजोचा आवाज भरलेला असतो, तारा तुटत नाहीत आणि पट्टी एका बटणावर बदलते.

तरीही एक गोष्ट डीजेला जमत नाही. नवरदेवाची आजी नाचायला उठली की लय उतरवायची, ती बसली की पुन्हा चढवायची, मधेच कोणी जुन्या गाण्याची फर्माईश केली की त्याच ठेक्यात त्यावर सरकायचे. हे मास्टर डोळ्यांनी करतो. त्याची नजर कळांवर नसते, अंगणात असते.

पुढच्या हंगामासाठी हात बसवायचा असेल, तर आषाढातल्या सरावाला पोचायला हवे. तोवर सा आणि पा लावता यावेत, सहा मात्रांवर एक चाल दोन पट्ट्यांतून वाजवता यावी. आणि जाताना तारांचा एक जादा संच खिशात असावा. सरावात तार तुटली आणि नवख्याच्या खिशातून नवी निघाली, तर पुढच्या वेळी बसायला जागा मिळते.